परराज्यातल्या कोर्टाचं साक्षीदाराचं समन्स आलंय, जावंच लागेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं दिसतंय की तुम्ही कोल्हापूरचे, २०२२ मध्ये कंपनीच्या कामासाठी वडोदऱ्याला होतात, तिथे हायवेवर ट्रकनं एका मोटरसायकलवाल्याला उडवलं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं, तुम्ही गाडी थांबवून त्याला हॉस्पिटलात नेलंत, तो वाचला नाही, पोलिसांनी त्याच रात्री तुमचा जबाब घेतला आणि तुम्ही काम संपवून परत आलात. आता एवढ्या वर्षांनी तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स इथल्या पोलीस स्टेशनच्या हवालदारानं घरी आणून दिलं, तारीख तीन आठवड्यांवर आहे. घरी आईचं आजारपण, कंपनीत सुट्टीची मारामार, आणि मेव्हणे म्हणतात की दुसऱ्या राज्याचं कोर्ट आपल्याला काय करणार, कागद ठेवून द्या कपाटात.

आधी हे सांगतो की त्या रात्री गाडी थांबवलीत ते फार मोठं काम केलंत. बरेच जण थांबत नाहीत आणि त्याचं एक कारण नेमकं हेच असतं, नंतर कोर्टाच्या फेऱ्या नकोत. त्यामुळे तुमच्यासारख्या माणसाला कमीत कमी त्रास होऊन साक्ष व्हावी असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठीच जरा सविस्तर लिहितोय. मी बरीच वर्षं खालच्या कोर्टांत फौजदारी वकिली करतोय, बाहेरच्या राज्यांतले साक्षीदार आमच्याकडे येतात आणि आमच्याकडचे बाहेर जातात, दोन्ही बाजू रोज बघतो. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे जिथे कागदावर अवलंबून आहे तिथे तसं सांगीन.

मेव्हण्यांचं म्हणणं आधी निकालात काढू. फौजदारी कोर्टाच्या समन्सला राज्याची हद्द आडवी येत नाही. फौजदारी प्रक्रियेचा कायदा सगळ्या देशाला एकच आहे, आधी सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता होता, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. वडोदऱ्याच्या मॅजिस्ट्रेटला कोल्हापुरातला माणूस साक्षीला हवा असेल तर तो समन्स काढून इकडच्या मॅजिस्ट्रेटकडे किंवा पोलिसांकडे बजावणीला पाठवू शकतो, आणि साक्षीदाराच्या बाबतीत त्याच्या जोडीनं रजिस्टर पोस्टानं किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानंही पाठवू शकतो. टपाल घ्यायला नकार दिला आणि पोस्टमननं तसा शेरा मारला तर कोर्ट समन्स बजावलं गेलं असं धरू शकतं. घरात तुम्ही नसताना कुटुंबातल्या मोठ्या माणसाकडे दिलं तरी चालतं. तुमच्याकडे तर हवालदारानं दुसऱ्या प्रतीवर तुमची सही घेतली असणार, ती प्रत आता परत वडोदऱ्याला जाईल आणि केसच्या फाईलला लागेल. म्हणजे तारखेला जज फाईल उघडतील तेव्हा 'साक्षीदाराला समन्स मिळालंय' हे त्यांच्यासमोर असेल, तुम्ही समोर नसाल, आणि तुम्ही का नाही हे सांगणारा एक कागदही नसेल. साक्षीदार अडचणीत येतो तो नेमका इथे. न जाण्यापेक्षाही, काही न कळवता गप्प बसणं जास्त महागात पडतं.

पुढे काय होतं ते क्रमानं सांगतो. बहुतेक जज पहिल्यांदा नुसती पुढची तारीख देतात किंवा पुन्हा समन्स काढतात. मग जामीनपात्र वॉरंट. हे वॉरंट तुमच्याच भागातल्या पोलीस स्टेशनला येतं, ते तुम्हाला बोलावून किंवा घरी येऊन अमुक तारखेला कोर्टात हजर राहीन असा बाँड लिहून घेतात, कधी जामीनदारही मागतात. तरीही गेला नाहीत तर अजामीनपात्र वॉरंट, आणि मग पोलीस तुम्हाला धरून नेऊ शकतात. याशिवाय समन्स मिळूनही कारण नसताना कोर्टात न जाणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ मध्ये त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलंय. साक्षीदाराला या कलमाखाली थेट आत टाकलं असं सहसा होत नाही, त्या बाबतीत उगाच घाबरू नका. पण वॉरंट मात्र खरंच निघतात, आणि दारात पोलीस आल्यावर आजारी आईला आणि शेजाऱ्यांना काय काय समजवायचं हा त्रास एका अर्जानं टळतो.

आता समन्सचा कागद हातात घ्या आणि नीट वाचा. माझ्याकडे येणारे निम्मे लोक नुसतं 'कोर्टाचा कागद आलाय' म्हणून घाबरलेले असतात, आत काय लिहिलंय ते वाचलेलंच नसतं. गुजरातीत असेल तर गुजराती वाचणाऱ्या कुणाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. कोर्टाचं पूर्ण नाव आणि कोर्ट नंबर, केस नंबर आणि वर्ष, कुणाविरुद्ध कोण, तारीख आणि वेळ, खाली सही आणि कोर्टाचा शिक्का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलावलंय कशासाठी, साक्ष द्यायला की नुसता कागद हजर करायला. कागदापुरतं समन्स असेल तर तो कागद दुसऱ्या कुणाबरोबर पाठवला तरी चालतं, स्वतः जायची गरज नसते, बँकेच्या आणि कंपनीच्या लोकांना हे नेहमी उपयोगी पडतं. तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिलेल्याची साक्ष आहे असं दिसतंय, म्हणजे तो मार्ग नाही.

मग मोबाईलवर ई-कोर्ट्सची साइट किंवा ॲप उघडा. सीएनआर नंबर म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख नंबर, तो समन्सवर असला तर उत्तम, तो सोळा अक्षरं-आकड्यांचा असतो, नसला तर राज्य, जिल्हा, कोर्ट निवडून केस नंबर टाकला की केस सापडते. तिथे दोन गोष्टी बघायच्या. समन्सवरची तारीख आणि साइटवरची पुढची तारीख जुळते का, आणि केस कुठल्या टप्प्यावर आहे. सरकार पक्षाच्या पुराव्याचा टप्पा दिसला तर समन्स खरं आणि वेळेवरचं आहे. हे बघायचं दुसरंही एक कारण आहे, हल्ली कोर्टाच्या नावानं खोटे समन्स, खोटे वॉरंट व्हॉट्सॲपवर येतात आणि मागोमाग पैसे भरा म्हणून फोन येतो. आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं समन्स काढायची कायद्यातच सोय आहे, त्यामुळे मोबाईलवर आलं म्हणून खोटं असं म्हणता येत नाही, पण कुठलंही कोर्ट साक्षीदाराकडे वॉरंट रद्द करायला फोनवर पैसे मागत नाही आणि 'डिजिटल अरेस्ट' असला प्रकार कायद्यात कुठेच नाही. शंका आली तर केस नंबर साइटवर टाकून बघा, लगेच कळतं. तुमचं समन्स हवालदारानं आणलंय म्हणजे ही शंका फारशी नाही, तरी तारीख पडताळायला साइट बघाच, कारण समन्स निघाल्यावर मधल्या काळात तारीख बदललेली असू शकते.

समन्सवर जुन्या सीआरपीसीचं कलम दिसलं तर ते चुकीचं आहे असं समजू नका. १ जुलै २०२४ ला जे खटले आधीच चालू होते ते जुन्या प्रक्रियेप्रमाणेच पुढे चालतात. साक्षीदाराच्या दृष्टीनं दोन्हींत फार फरक पडत नाही.

अजून एक फरक कळून घ्या, कारण लोक यात फार गोंधळतात. कोर्टाचं समन्स वेगळं आणि पोलिसांची चौकशीसाठीची नोटीस वेगळी. तपास चालू असताना पोलीस अधिकारी साक्षीदाराला लेखी बोलावू शकतो पण तो अधिकार त्याच्या आणि लगतच्या पोलीस स्टेशनच्या हद्दीतल्या माणसांपुरता आहे, आणि स्त्रिया, पंधराच्या आतली मुलं, नव्या कायद्याप्रमाणे साठीच्या वरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. मेव्हण्यांनी बहुतेक हेच कुठेतरी ऐकलंय आणि ते कोर्टाच्या समन्सला लावलंय. कोर्टाच्या समन्सला ही हद्द लागू नाही.

मेव्हण्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य असेल तर ते दिवाणी बाजूला. अपघातात माणूस गेलाय म्हणजे त्याच्या घरच्यांनी नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज केलेला असू शकतो, आणि कधी कधी समन्स तिथूनही येतं. त्या ट्रिब्युनलला साक्षीदार बोलावण्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १६ चा नियम १९ असा आहे की साक्षीदार कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल आणि अंतर १०० किलोमीटरच्या वर असेल, किंवा बहुतेक रस्त्याला रेल्वे-बसची सोय असून ५०० किलोमीटरच्या वर असेल, तर त्याला जातीनं हजर राहायचा हुकूम करता येत नाही. विमानाची सोय असेल आणि विमानभाडं दिलं तर मात्र बोलावता येतं. कोल्हापूर ते वडोदरा सातशेच्या वर जातं, म्हणजे दिवाणी समन्स असेल तर तुम्ही हा नियम दाखवून कमिशनवर साक्ष घ्या, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसामार्फत ती इथेच नोंदवून घ्या, असं म्हणू शकता. दिवाणीत बोलावणाऱ्या पक्षानं साक्षीदाराचा जाण्यायेण्याचा खर्च आणि भत्ता आधी कोर्टात भरायचा असतो, तो भरला का तेही विचारू शकता. पण इथेही कळवायला लागतंच. कपाटात ठेवायचा सल्ला इथेही चुकीचाच. तुम्ही मॅजिस्ट्रेट कोर्ट आणि 'सरकार विरुद्ध अमुक' असं लिहिलंय त्यावरून तुमचं फौजदारीच दिसतंय, आणि ५०० किलोमीटरचा हा नियम फौजदारीत नाही.

मग फौजदारीत काय करता येतं? बरंच करता येतं, आणि तुमची केस त्यासाठी चांगली आहे.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात चांगली वाट म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं साक्ष. सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्या केसमध्ये सांगितलंय की व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घेतलेली साक्ष ही आरोपीच्या समक्ष घेतलेली साक्षच आहे, त्या केसमधला साक्षीदार तर अमेरिकेतला डॉक्टर होता. नंतर कोविडच्या काळात बहुतेक हायकोर्टांनी त्यासाठी नियम केले आणि नव्या बीएनएसएसमध्ये तर साक्ष इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं घेता येते असं स्पष्ट लिहूनच टाकलंय. प्रत्यक्षात होतं असं की तुम्ही कोल्हापूरच्या जिल्हा कोर्टातल्या व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्सिंग) रूममध्ये बसता, कोर्टाचा एक कर्मचारी तुमचं ओळखपत्र बघतो, खोलीत तुम्हाला शिकवणारं दुसरं कुणी नाही याची खात्री करतो, आणि पडद्यावर तिकडचे जज, सरकारी वकील, आरोपी आणि त्याचा वकील दिसतात. घरच्या सोफ्यावरून मोबाईलवर साक्ष होईल असं धरू नका, क्वचित परवानगी मिळते पण मागताना जिल्हा कोर्टातूनच मागा, त्याला नकार द्यायला जजकडे कारण कमी उरतं.

दुसरी वाट कमिशनची. साक्षीदाराला आणायला अवाजवी उशीर, खर्च किंवा गैरसोय होणार असेल तर कोर्ट कमिशन काढून तुमच्या इथल्या मॅजिस्ट्रेटमार्फत साक्ष नोंदवून घेऊ शकतं. कायद्यात आहे, पण व्हीसी आल्यापासून कमिशन कमी निघतं कारण कागद इकडून तिकडे जायला वेळ लागतो. अर्जात पर्याय म्हणून लिहा.

तुमच्या बाजूनं अजून एक जोरदार मुद्दा आहे आणि तो बऱ्याच वकिलांच्याही लक्षात येत नाही. तुम्ही अपघातातल्या माणसाला मदत करणारे, कायद्याच्या भाषेत गुड समॅरिटन. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये अशा लोकांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेत त्या सगळ्या राज्यांना बंधनकारक केल्या. त्यात असं आहे की स्वतःहून साक्षीदार झालेल्या अशा माणसाला एकाच वेळी बोलावून तपासावं, कमिशनवर किंवा प्रतिज्ञापत्रावर घेता आलं तर तसं करावं आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा जास्तीत जास्त वापर करावा, त्याला त्रास होऊ नये म्हणून. पुढे २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यातही १३४ अ कलम आलं. आता प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या साक्षीत आरोपीला उलटतपासाचा हक्क असतो, त्यामुळे नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागेल असं समजू नका, पण व्हीसीसाठी आणि 'एकाच दिवशी पूर्ण करा' या विनंतीसाठी हा मुद्दा फार उपयोगी आहे. जबाब दिला होता म्हणून तुमचं हे संरक्षण जात नाही, उलट ज्यांनी जबाब दिलाय त्यांच्यासाठीच ते आहे.

परवानगी मिळेलच अशी खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही. जजचा अधिकार आहे. ट्रक कोण चालवत होता हाच वाद असेल आणि तुम्ही ड्रायव्हरला पाहिलं असं जबाबात असेल, तर कोर्टात उभ्या असलेल्या आरोपीला ओळखण्यासाठी समक्ष या असं कोर्ट म्हणू शकतं. आरोपीचा वकील हरकत घेऊ शकतो. तिथल्या व्हीसीची सोय, त्या दिवशी बोर्डावर किती काम आहे, यावरही असतं. पण मागितल्याशिवाय मिळत नाही एवढं नक्की, आणि वेळेवर नम्रपणे मागितलं तर माझ्या अनुभवात बहुतेक जज साक्षीदाराच्या अडचणीचा विचार करतात, कारण साक्षीदार न येणं ही त्यांचीही रोजची डोकेदुखी असते.

अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. एक पान पुरे. इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा म्हणजे तिकडे वाचायला अडचण नाही. वर कोर्टाचं नाव, केस नंबर, पुढची तारीख. मग साधारण या अर्थाचं: 'मी या केसमधला सरकार पक्षाचा साक्षीदार आहे. मला अमुक तारखेला समन्स मिळालं. मी साक्ष द्यायला तयार आहे. मी कोल्हापूर येथे राहतो, माझ्या आईचं अमुक आजारपण चालू आहे आणि तिची काळजी घ्यायला घरात दुसरं कुणी नाही. मी अपघातग्रस्ताला मदत करणारी व्यक्ती आहे. त्यामुळे माझी साक्ष कोल्हापूर जिल्हा न्यायालयातून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे घ्यावी ही विनंती. ते शक्य नसल्यास कमिशन काढावं. तेही शक्य नसल्यास मला सोयीची अशी एक तारीख द्यावी आणि त्याच दिवशी सरतपास व उलटतपास पूर्ण करावा.' खाली पत्ता, मोबाईल, ईमेल. सोबत समन्सची प्रत, आधारची प्रत, आईच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट. यातलं 'मी साक्ष द्यायला तयार आहे' हे वाक्य कधीही गाळू नका, जजच्या नजरेत टाळणारा साक्षीदार आणि अडचणीतला साक्षीदार यातला फरक त्या एका वाक्यानं पडतो. आणि आजारपण खरं असेल तेवढंच लिहा, वाढवून लिहिलेलं सर्टिफिकेट आरोपीचा वकील उलटतपासात काढतो आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही संशय घेतला जातो.

अर्ज स्पीड पोस्टानं कोर्टाच्या नावानं पाठवा आणि पावती जपून ठेवा, जिल्हा कोर्टाच्या साइटवर ईमेल असतो त्यावरही पाठवा. पण यापेक्षाही महत्त्वाचा माणूस म्हणजे त्या कोर्टातला सरकारी वकील, मॅजिस्ट्रेट कोर्टात एपीपी म्हणतात. तुम्ही त्याचे साक्षीदार आहात. तुमचा अर्ज पोस्टानं आला तर तो क्लार्कच्या टेबलावर पडून राहू शकतो, एपीपीनं उभं राहून 'साहेब, साक्षीदार कोल्हापूरचा आहे, व्हीसी मागतोय, माझी हरकत नाही' म्हटलं की पाच मिनिटांत ऑर्डर होते. एपीपीपर्यंत पोचायचं कसं, तर ज्या पोलीस स्टेशननं तपास केला तिथे फोन करा, प्रत्येक स्टेशनचा कोर्टाचं काम बघणारा एक पोलीस असतो, त्याच्याकडून नंबर मिळतो आणि बहुतेक वेळा तोच सगळं जुळवून देतो. त्याला अर्जाचा फोटो पाठवा. साक्षीदाराला स्वतःचा वकील करायची सक्ती नाही, तुमच्यासारख्या साध्या केसमध्ये गरजही नाही. वॉरंट निघालेलं असेल किंवा तुमच्या साक्षीतून तुमच्यावरच काही शेकेल अशी शक्यता असेल तर मात्र वकील गाठा.

एक गैरसमज फार दिसतो. अर्ज पाठवला म्हणजे त्या तारखेला न जाण्याची परवानगी मिळाली असं नाही. तारखेच्या तीन-चार दिवस आधी एपीपीला किंवा त्या पोलिसाला फोन करून काय झालं विचारा, साइटवर ऑर्डर दिसते का बघा. काहीच कळलं नाही तर सरळ गाडीत बसा आणि जा. पण निघण्यापूर्वी हेही विचारा की त्या दिवशी जज रजेवर नाहीत ना, वकिलांचा संप नाही ना, आरोपी हजर राहणार आहे ना. सातशे किलोमीटर जाऊन नुसती पुढची तारीख घेऊन येणं यासारखा राग आणणारा प्रकार नाही, आणि साक्षीदारांवर असा प्रसंग येतो ही आपल्या व्यवस्थेची मोठी लाज आहे असं मी वकील असूनही म्हणतो. साक्षीदार हजर असताना त्याला न तपासता तहकुबी द्यायची नाही, द्यायची तर खास कारण लिहून द्यायची, असं कायद्यात स्पष्ट आहे. आरोपीचा वकील तारीख मागायला लागला तर तुम्ही स्वतः हात जोडून जजना सांगा की मी कोल्हापूरहून आलोय, आजच घ्या. साक्षीदारानं असं बोललेलं चालतं, जज ऐकतात.

गेलात तर कोर्ट सुरू व्हायच्या आधी पोचा आणि आधी एपीपीला भेटा. पोलिसांना दिलेला जबाब वाचायला मागा. तो तुम्ही सही केलेला नसतो, पोलिसांनी त्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो, तिथला असेल तर गुजरातीत, त्यामुळे त्यात तुम्ही न बोललेलं काही असेल तर ते आधीच एपीपीला सांगा. पाठ करू नका. चार वर्षांपूर्वीचं सगळं आठवत नसेल तर 'आठवत नाही' हे पूर्ण उत्तर आहे आणि ते लाजिरवाणं नाही. ट्रकचा वेग किती होता विचारलं आणि तुम्हाला आकडा सांगता येत नसेल तर 'जोरात होता, आकडा सांगता येणार नाही' म्हणा, ऐंशी म्हणालात की पुढची वीस मिनिटं वकील तुम्हाला ऐंशी कसे मोजले हेच विचारत बसेल. गुजराती येत नसेल तर सुरुवातीलाच सांगा, हिंदी चालत असेल तर हिंदीत, नाहीतर दुभाषा मागा. साक्ष कोर्टाच्या भाषेत लिहिली जाते, त्यामुळे शेवटी वाचून दाखवतात तेव्हा अर्थ समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, चुकीचं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे जजना सांगा, ते त्याची नोंद घेतात.

आरोपीच्या बाजूनं कुणी आधी फोन केला, 'साहेब जरा सांभाळून बोला', 'मिटवून टाकू' असलं काही, तर बोलणं वाढवू नका, नंबर आणि वेळ लिहून ठेवा आणि एपीपीला सांगा. धमकी असेल तर लेखी द्या. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेली साक्षीदार संरक्षण योजना सगळ्या राज्यांत लागू आहे, तिच्यात संरक्षण मागता येतं.

साक्ष झाल्यावर लगेच रेल्वे स्टेशनकडे पळू नका. उलटतपास पूर्ण झाला का, की राखून ठेवलाय, हे क्लार्कला विचारून घ्या, कारण उलटतपास बाकी असेल तर तुम्ही मोकळे झालेले नसता आणि पुन्हा यावं लागतं, तेव्हाच पुढची तारीख व्हीसीवर ठेवा अशी तोंडी विनंती करून टाका. जाण्यायेण्याचा खर्च आणि भत्ता त्याच दिवशी मागा, फौजदारीत सरकार पक्षाच्या साक्षीदाराला तो सरकारकडून मिळतो, दर त्या राज्याच्या नियमाप्रमाणे असतो आणि फार नसतो, पण तिकीट दाखवून अर्ज त्याच दिवशी दिला तर मिळायची शक्यता जास्त. आणि कोर्टाच्या शिक्क्याचा हजेरीचा दाखला घ्या. कंपनीला निघण्याआधी समन्सची प्रत द्या आणि आल्यावर हा दाखला द्या, कोर्टाच्या समन्सवर गेलो होतो याचा तो पुरावा असतो, एचआरला तोंडी सांगून भागत नाही. व्हीसीवर साक्ष झाली तरी कोल्हापूरच्या कोर्टातून असा दाखला मागता येतो.

तीन आठवडे आहेत म्हणालात. अर्ज आज-उद्यात टाका, पोलीस स्टेशनला फोन उद्या सकाळीच करा. समन्सवर केस नंबरच्या आधी काय अक्षरं आहेत तेवढं कळवलंत तर फौजदारी की क्लेमची, म्हणजे नुकसानभरपाईची केस हे मी नक्की सांगू शकेन, त्यात कुणाची नावं टाकू नका.